बालकांचे गुरू फादर थॉमस स्टीफन्स



नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील खेड्यांत जे उपदेशक आदितवारी दोनप्रहरी मुलांस जमवून प्रश्नोत्तरे शिकवितात, त्यांस एक अडचण चांगली ठाऊक आहे. मूल तल्लख असले म्हणजे थोड्याच आठवड्यांत सर्व उत्तरे मुखोद्गत करते. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासाचा अंगीकार ही सर्व ते न अडखळता म्हणून दाखविते व आईबापांस मोठा संतोष होतो. पुढे एखादे दिवशी पाळकसाहेब येतात आणि त्याच मुलास सहज विचारतात की, बाळा, शिष्य कोणास म्हणावे? पुस्तकात हा प्रश्न या शब्दांत नसतो. मूल मान खाली घालून उभे राहते आणि उपदेशकाचीही मान खाली जाते.

पाचारणाविषयी तर याहून अधिक गैरसमज आहे. देवाचे पाचारण पाळकांस होते, मिशनरीसाहेबांस होते. ज्याचे आईबाप ऊसतोडीस गेले आहेत व जो घरी धाकट्या भावंडांस सांभाळून शेळ्या राखतो, त्या मुलाचा या गोष्टीशी काय संबंध, असे पुष्कळांस वाटते. तोंडाने कोणी तसे म्हणत नाही, परंतु वागणुकीत ते दिसते.

या दोन्ही गोष्टींविषयी ज्याच्या चरित्रापासून आपणास पुष्कळ शिकण्यासारखे आहे, अशा एका पुरुषाची हकीकत आज सांगावयाची आहे. तो पुरुष आपल्या मंडळीचा नव्हता. तो रोमन कॅथॉलिक पंथाचा, येशूसंघाचा पाद्री होता, आणि त्याने जी मुले शिकविली ती गोव्यातील कॅथॉलिक मुले होती. आपल्या मराठवाड्यातही आज त्या पंथाच्या मंडळ्या आहेत. १९७७ साली औरंगाबाद येथे त्यांचा धर्मप्रांत स्थापन झाला व नांदेड, लातूर हे जिल्हे त्यातच मोडतात. काही मतांत त्यांचे व आपले अंतर आहे हे खरे. तथापि चांगला धडा शेजाऱ्याच्या घरी मिळत असेल तर तो घेण्यास संकोच करू नये.

जन्म व तारुण्य

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंड देशात विल्टशायर परगण्यातील बुश्टन नावाच्या खेड्यात १५४९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्यांचे एक बंधू, रिचर्ड, पुढे पॅरिस शहरी धर्मशास्त्राचे पंडित म्हणून राहिले. यावरून घरात विद्येची आवड होती हे दिसून येते.

तो काळ इंग्लंडात मोठ्या धार्मिक कलहाचा होता. १५५८ साली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि देशाची मंडळी पुनः प्रॉटेस्टंट झाली. जे लोक जुन्या कॅथॉलिक पंथास चिकटून राहिले त्यांस दंड, कैद व पुढे पुढे मरणही सोसावे लागले. आपण प्रॉटेस्टंट लोक आपल्या हुतात्म्यांच्या गोष्टी आपल्या मुलांस सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या पक्षाच्या हाती सत्ता आली तेव्हा आपणही दुसऱ्यांस छळिले, हेही त्यांस सांगितले पाहिजे. अर्धे सत्य शिकविल्याने मुलांचा विश्वास बळकट होत नाही.

स्टीफन्स यांचा टॉमस पाउंड नावाचा एक स्नेही होता. हा मोठ्या घरचा असून राणीच्या दरबारी वावरलेला होता. पुढे त्याचे मन दरबारावरून उडाले व तो कॅथॉलिक धर्माचरणात गढून गेला. या दोघांनी मिळून रोम शहरी जाण्याचा व येशूसंघात शिरून सारे आयुष्य देवाच्या सेवेस वाहण्याचा निश्चय केला. जाण्याची सर्व तयारी झाली, आणि निघण्याच्या बेतात असता पाउंड यास पकडून तुरुंगात टाकण्यात आले. स्टीफन्स एकटेच रोमास गेले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांचा येशूसंघात प्रवेश झाला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. दोन मित्र, एकच इच्छा, एकच निश्चय. एकास वाट मोकळी झाली व दुसऱ्यापुढे दार बंद झाले. पाउंड याने आयुष्याची सुमारे तीस वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढिली. स्टीफन्स आपल्या मित्रास विसरले नाहीत. त्यांनी रोम येथे संघाच्या अधिकाऱ्यांकडे त्याच्याविषयी रदबदली केली, आणि १५७८ साली पाउंड तुरुंगात असतानाच त्यास संघात घेतल्याचे पत्र पाठविण्यात आले. म्हणजे समुद्र ओलांडून गेलेला आणि कोठडीत अडकून पडलेला, दोघेही एकाच पाचारणाचे ठरले. जो मुलगा गावाबाहेर शिकावयास जाऊ शकत नाही, जी मुलगी घरच्या गरिबीमुळे शाळा सोडून बसली आहे, त्यांस ही गोष्ट अवश्य सांगावी. पाचारणाची किंमत प्रवासाच्या लांबीवरून ठरत नाही.

समुद्रप्रवास

स्टीफन्स यांनी हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून जहाजात बसले. आफ्रिका खंडास वळसा घालून, वादळे, उष्मा व वाऱ्याचा अभाव हे सर्व सोसून, २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांपेक्षा अधिक काळ त्यांस पाण्यावर काढावा लागला. तीन आठवड्यांच्या आत त्यांनी आपल्या वडिलांस एक लांब पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले व मोठे प्रसिद्ध झाले. त्यात वारे, मासे, पक्षी, ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्याची रीत यांची माहिती आहे. त्यांच्या जहाजावर दीडशेंहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस मरण पावली, असे ते लिहितात. आणि एवढ्या मोठ्या प्रवासात ही हानी थोडीच मानली जाई. जहाजावर लहान मुलेही पुष्कळ असत व समुद्राचे हाल ती प्रौढांपेक्षा बऱ्या रीतीने सोसत, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. मुलांच्या अंगी किती सहनशक्ती असते हे या मनुष्याने प्रथम समुद्रावर पाहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते. त्यानंतर चाळीस वर्षे ते जगले व ती सर्व त्यांनी याच देशी घालविली.

गोव्यातील स्थिती

गोव्यात मुलांस शिकविण्याची रीत स्टीफन्स यांच्या पूर्वीपासून होती. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर तेथे आले तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत व मुलांस गोळा करून त्यांस धर्माची मूलतत्त्वे शिकवीत. मुले घरी जाऊन तीच वाक्ये आईबापांपुढे म्हणत, आणि अशा रीतीने घरोघर शिक्षण पोहोचे. आपल्या उपदेशकांसही हा अनुभव आहेच.

परंतु त्या कार्याची दुसरी बाजूही होती, आणि ती लपविता येत नाही. राज्य पोर्तुगीजांचे होते व धर्मप्रसाराच्या मागे राजसत्तेचा सोटा उभा होता. १५५९ च्या एका राजाज्ञेने बाप मेलेल्या हिंदु मुलांस नातेवाइकांपासून काढून ख्रिस्ती करावे असे ठरले. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले. १५६७ च्या सुमारास सासष्टी प्रांतातील शेकडो देवळे पाडण्यात आली. ज्या मुलास त्याच्या आजीच्या मांडीवरून ओढून नेऊन बाप्तिस्मा दिला, त्यास शिष्य म्हणता येईल काय? प्रभूने कोळ्यांस हाक मारिली तेव्हा त्यांची जाळी कोणी हिसकावून घेतली नव्हती. ती त्यांनी आपण होऊन टाकिली. आपल्या गावातही कोणी धान्याच्या, फीच्या अथवा नोकरीच्या आशेने मुलांस वर्गात बसवीत असेल, तर त्या सोट्याचेच ते मऊ रूप आहे हे ओळखावे.

या जबरदस्तीचे फळ स्टीफन्स यांस लवकरच आपल्या डोळ्यांनी पाहावे लागले. ते सासष्टीत काम करीत असता, १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी लोकांचा क्षोभ उसळला. आपली देवळे पाडली गेल्याने तेथील गावकरी चिडलेले होते. त्यांनी रुडाल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघी सोबती, तसेच त्यांच्याबरोबर असलेली आणखी काही माणसे, यांस ठार मारिले. हे अक्वाविवा थोड्याच दिवसांपूर्वी अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. मृतांची शरीरे परत मिळवून त्यांस मूठमाती देण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांजकडे आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांस बोलणी करण्यासाठी म्हणून असोळणे येथील किल्ल्यात बोलाविले व त्यांस मारून टाकिले. एका रक्तपातावर दुसरा रक्तपात झाला. ज्या भूमीवर हे घडले तेथेच स्टीफन्स यांस पुढील आयुष्य काढावयाचे होते, आणि ज्यांची मने अशी पोळली होती त्यांच्याच मुलांस प्रीतीचा धर्म शिकवावयाचा होता.

परक्यांस साहाय्य

त्याच वर्षाच्या अखेरीस चार इंग्रज, जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी, यांस हेर समजून ओर्मझ येथे पकडण्यात आले आणि गोव्याच्या तुरुंगात आणून ठेविले. ते प्रॉटेस्टंट देशाचे प्रजाजन होते. ज्या देशात स्टीफन्स यांस आपला धर्म उघडपणे पाळता येत नव्हता व ज्या देशाच्या तुरुंगात त्यांचा प्रिय मित्र अजून पडला होता, त्याच देशाची ही माणसे होती. स्टीफन्स यांनी मनात काही आणिले असते तर त्यांस तसेच राहू देता आले असते. त्यांनी त्यांची गाठ घेतली, त्यांजकरिता खटपट केली व त्यांस जामिनावर सोडवून आणण्यास साहाय्य केले. त्यांतील राल्फ फिच पुढे हिंदुस्थानभर व त्यापलीकडेही प्रवास करून स्वदेशी पोहोचला. शिष्यत्वाची ओळख वर्गातील उत्तरांवरून पटते त्याहून अधिक अशा प्रसंगी पटते.

भाषेचा अभ्यास

सासष्टीतील लोकांची बोलण्याची भाषा कोकणी होती व ग्रंथांची भाषा मराठी होती. स्टीफन्स यांनी दोन्हींचा कसून अभ्यास केला. १५८३ सालीच त्यांनी आपल्या बंधूस पॅरिसला पत्र लिहून कळविले की, या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. ही गोष्ट युरोपातील विद्वानांच्या पूर्णपणे ध्यानी येण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. एका परदेशी पाद्र्याने आपल्या आयाबहिणींच्या बोलण्याकडे इतक्या आदराने कान दिला, याचे आपणास नवल वाटले पाहिजे; कारण आपल्यांतील काही शिकलेले लोक अजून आपल्या बोलीस गावंढळ म्हणून हिणवितात.

मराठवाड्याच्या वाचकांस आणखी एक गोष्ट कळली म्हणजे आनंद होईल. स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते त्याच काळी पैठण येथे एकनाथमहाराज हयात होते. ते १५९९ साली दिवंगत झाले. लातूरच्या जवळ अंबाजोगाई येथे दासोपंत होते. त्यांचा काळ १५५१ ते १६१५ असा आहे, आणि त्यांनी मोठ्या वस्त्रावर लिहिलेली पासोडी आजही तेथे जतन करून ठेविली आहे. हे दोघेही सामान्य जनांस समजेल अशा ओवीत लिहीत होते. त्याच ओवीचे वळण गोव्यातील या इंग्रज पाद्र्याने इतके आत्मसात केले की, त्याचा ग्रंथ ऐकणाऱ्यास तो परक्याचा आहे असे वाटू नये. गोदावरीकाठी जो छंद कीर्तनात घुमत होता, तोच जुवारी नदीच्या काठी ख्रिस्ताची कथा सांगू लागला.

मुलांच्या वर्गातून उठलेला प्रश्न

आता या चरित्रातील मुख्य प्रसंगाकडे येऊ. तो स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच वर्णिला आहे. एका आदितवारी दोनप्रहर टळल्यावर सासष्टीतील एका देवळात ख्रिस्ती मुलांस धर्मशिक्षण दिले जात होते. वडील मंडळीही बसली होती. मुलांची शिकवणी चालू असता एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ उठला. मुलांस जे शिकविले जाते ते चांगलेच आहे, असे त्याने मान्य केले; परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केली, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचावयास दुसरे काही का देत नाही, असे त्याने आदरपूर्वक विचारिले. दिवसाचे काम आटोपल्यावर आम्ही काय वाचावे व कशाने मन रमवावे, हा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

एखाद्या उतावळ्या शिक्षकाने त्यास खाली बसविले असते. वर्गात मध्येच बोलू नये असे सांगितले असते. कदाचित त्याच्या श्रद्धेविषयी संशयही घेतला असता, आणि त्या काळी गोव्यात तसा संशय म्हणजे काही लहान गोष्ट नव्हती. स्टीफन्स यांनी तो प्रश्न ऐकून घेतला व त्याचे उत्तर देण्यासाठी वर्षानुवर्षे श्रम केले. त्या श्रमांचे फळ म्हणजे ख्रिस्तपुराण हा ग्रंथ होय. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनापर्यंतची जुन्या करारातील कथा आहे. दुसऱ्या भागात प्रभूचा जन्म, त्याचे बाळपण, शिष्यांची निवड, शिकवण, मरण व पुनरुत्थान हे विषय आहेत. आरंभी मराठी भाषेची स्तुती असून तिला रत्नांची, फुलांची व सुगंधांची उपमा दिली आहे. ती स्तुती आज मराठी शाळांतील मुलेही ऐकतात, परंतु तो कवी मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग चालवीत असे हे फार थोड्यांस ठाऊक असते.

येथे पाचारणाविषयी एक गहन गोष्ट दिसते. स्टीफन्स यांस पहिली हाक इंग्लंडात तरुणपणी ऐकू आली. परंतु ज्या कार्यासाठी आज चारशे वर्षांनी त्यांचे नाव घेतले जाते, त्या कार्याची हाक त्यांस या देशी आल्यावर ऐकू आली, आणि ती एका श्रोत्याच्या प्रश्नातून आली. देव वारंवार अशा रीतीने बोलावितो. शमुवेल लहान असता त्याने हाक ऐकली व ती एलीचीच आहे असे समजून तो त्याच्याकडे धावला. एली म्हातारा होता, त्याची नजर मंदावली होती. तरी अखेरीस त्यासच उमगले की मुलास देव बोलावीत आहे, आणि त्याने मुलास परत पाठवून काय उत्तर द्यावे ते शिकविले. शिक्षकाचे काम एलीचे आहे. मुलाच्या आडवळणी प्रश्नात देवाची हाक असू शकते हे त्याने ओळखावे.

छापण्याची अडचण

ग्रंथ लिहून झाला तरी तो लोकांच्या लिपीत छापता येईना. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोम येथील आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहिले, त्यात ही अडचण मांडली आहे. या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापावी अशी त्यांची पुष्कळ वर्षांची इच्छा होती. मलबारात तशी छपाई झाली होती व तिचा लोकांस फार उपयोग झाला होता. परंतु युरोपात चोवीस अक्षरांनी काम भागते, तर येथे जोडाक्षरे व काना-मात्रा धरून सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील, अशी अडचण होती. शिवाय वरिष्ठांची आज्ञाही हवी होती. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १६१६ साली रायतूर येथील छापखान्यात ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

मोठ्या माणसांसाठी एवढा ग्रंथ रचिला म्हणून स्टीफन्स लहान मुलांस विसरले नाहीत. त्यांनी कोकणी भाषेत ख्रिस्ती शिक्षणाची एक लहान पुस्तिका तयार केली. ती मुलांस शिकविण्यासाठी म्हणून गुरु व शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने रचिली असून तिच्या नावातच तसे स्पष्ट म्हटले आहे. पोर्तुगालात मुलांसाठी असे एक पुस्तक प्रचारात होते, त्याचा त्यांनी आधार घेतला. ही पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे छापली गेली, व कोकणी भाषेतील पहिले छापील पुस्तक म्हणून ती ओळखली जाते. त्यांनी कोकणी भाषेचे व्याकरणही लिहिले. ते दुसऱ्यांनी वाढवून १६४० साली प्रसिद्ध केले. मुलांचे ते पुस्तक पोर्तुगीज भाषेत तसेच ठेवून घोकून घेणे सोपे होते. तसे केले असते तर मुलांनी उत्तरे पाठ म्हटली असती, आणि शिष्य म्हणजे काय असे विचारताच आपल्या वर्गातील मुलांप्रमाणेच मान खाली घातली असती. मूल ज्या भाषेत भूक लागली म्हणून आईस सांगते, त्याच भाषेत त्यास देवाविषयी सांगावे, हे स्टीफन्स यांस पूर्णपणे पटले होते.

मृत्यू व त्यानंतर

१६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. त्यांनी आपली जन्मभूमी पुनः पाहिली नाही. त्यांचे सर्व आयुष्य सासष्टीतील गावांत पाळकाचे काम, संघाच्या विद्यालयाची व्यवस्था, मुलांचे शिक्षण व ग्रंथलेखन यांत गेले. एक आठवण ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, आपल्या मराठी मंडळ्यांचे लाडके कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे बरोबर तीनशे वर्षांनी, १९१९ साली, प्रभूकडे गेले; आणि त्यांनीही ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध करण्यास हात घातला होता.

स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या भाषेवरच संकट आले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावी असे फर्माविले. छापील प्रती नाहीशा झाल्या. परंतु घरोघरच्या ख्रिस्ती लोकांनी ग्रंथाच्या हस्तलिखित नकला केल्या, आणि मंगळूरकडे वस्तीस गेलेल्या कुटुंबांनी त्या जपून ठेविल्या. अशा नकलांवरूनच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे नवी आवृत्ती काढिली. पुढे १९२० नंतरच्या काळात लंडन येथील एका संग्रहात देवनागरी लिपीतील जुनी हस्तलिखिते आहेत, हे डॉक्टर जस्टिन अॅबट यांनी उजेडात आणिले. हे अॅबटसाहेब अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्याच बाजूचे होते. कॅथॉलिक पाद्र्याच्या ग्रंथाची दखल प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने घ्यावी, यात देवाच्या राज्याची थोडी झलक दिसते. १९५६ साली प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी पुणे येथे देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि ज्या लिपीची इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ साली व्यक्त केली होती, त्या लिपीत त्यांचा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आला.

आपणासाठी बोध

उपदेशक बंधूंनो, या चरित्रापासून आपण कोणत्या गोष्टी घ्याव्या?

पहिली ही की, मुलाच्या तोंडची भाषा आपण प्रथम शिकावी. नांदेडच्या पूर्वेकडील गावांत मराठीत तेलुगू शब्द मिसळतात, उदगीर, देगलूरकडे कानडीचा स्पर्श असतो, तांड्यावरील मुले घरी निराळीच बोली बोलतात. छापील प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक शब्द मुलाच्या घरच्या बोलीत सांगून पाहावा. मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगितला म्हणजे तो समजला असे मानावे.

दुसरी ही की, कोणासही ओढून आणू नये. ज्या भूमीत जबरदस्ती झाली तेथे स्टीफन्स यांच्यासारख्याच्या प्रीतीच्या कामावरही तिची सावली पडली. आज आपल्या हाती राजसत्ता नाही, आणि ही आपणावर देवाची कृपाच आहे. मुलाने आनंदाने यावे, प्रश्न विचारावे व ठरविण्यास अवधी घ्यावा. त्याचे आईबाप अन्य धर्माचे असतील तर त्यांच्या मनाविरुद्ध व त्यांच्या पाठीमागे काही करू नये.

तिसरी ही की, प्रत्येक मुलास पाचारण आहे असे समजून त्याच्याशी बोलावे. एक पाळक होईल, दुसरी दवाखान्यात परिचारिका होईल, तिसरा बापाची दोन एकर कोरडवाहू जमीन प्रामाणिकपणे कसून शेजाऱ्याच्या बांधास हात लावणार नाही, चौथी आजारी आईची सेवा करीत घरीच राहील. टॉमस पाउंड तुरुंगात होता व टॉमस स्टीफन्स गोव्यात होता; बोलाविणारा एकच होता.

आणि शेवटची ही की, वर्गात कोणी उठून आडवा प्रश्न केला तर रागावू नये. येत्या आदितवारी मुलांचा वर्ग भरेल तेव्हा नेहमीची उत्तरे म्हणून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि मुलांस सांगावे की, आता तुम्ही विचारा. काही वेळ कोणी बोलणार नाही. मुले एकमेकांकडे पाहतील, हसतील. तरी धीर धरून बसावे. कदाचित मागल्या रांगेतून एखादे शेळ्या राखणारे पोर उठेल व असे काही विचारील की त्याचे उत्तर आपल्याजवळ नसेल. त्या वेळी आपले अज्ञान कबूल करण्यास लाजू नये. सासष्टीतील एका वर्गात असाच एक प्रश्न विचारला गेला होता, आणि ज्यास तो विचारला त्याने उरलेले आयुष्य उत्तर देण्यात घालविले. प्रभू आपणांस ऐकणारे कान व उत्तर देण्यास पुरेल एवढे धैर्य देवो.